मेन पाडला म्हणजे खरंच सगळं बंद होतं का? घरातला मेन स्विच तपासायचा कसा

मे महिना लागला की मला एकाच टाईपचे फोन सुरू होतात. "भाऊ, डीबीतून (खटक्यांच्या पेटीतून) जळाल्यासारखा वास येतोय, काय करू?" मी म्हणतो मेन पाडा आधी. की पलीकडं शांतता. मग आवाज येतो, "मेन कुठला? इथं बारा खटके आहेत." नाशिकमध्ये वीस-एक वर्षं वायरिंगची कामं करतोय, पंचवटीतले वाडे केले, सिडकोतली रो-हाऊस केली, गंगापूर रोडचे चार बेडरूमचे फ्लॅटही केले, पण ही शांतता सगळीकडं सेम आहे. लाखभराचं फॉल्स सीलिंग करतात लोक, आणि मेन शू-रॅकच्या मागं.

तर आज फक्त मेनबद्दल. तो कुठं असावा, कसला असावा, आणि तो पाडल्यावर घर खरंच मेलं की नाही हे कसं बघायचं. पॅनल उघडून स्क्रू फिरवायचं काम यात नाहीये, ते लायसन्सवाल्याचं काम आहे, आणि हे मी धंदा मिळावा म्हणून म्हणत नाही, नियमच तसा आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरातलं उपकरण बदलणं तुम्ही करू शकता, त्याच्या पुढचं, म्हणजे नवीन पॉइंट काढणं, मेन बदलणं, केबल टाकणं, हे लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरनं आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला पाहिजे.

आधी वीज येते कशी ते बघा. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून सर्व्हिस केबल येते, मग कटआऊट म्हणजे कंपनीचा फ्यूज, मग मीटर, आणि मीटरच्या नंतर तुमचा मेन. मीटरपर्यंतचं सगळं महावितरणचं. त्याच्या सीलला हात लावायचा नाही, अगदी "साफ करत होतो" म्हणूनसुद्धा नाही, मीटरशी छेडछाड हे वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये चोरीच्या प्रकरणात जातं. मीटरच्या नंतरचं मात्र तुमचं, आणि इथंच लोकांचा घोटाळा होतो, कारण मीटरपेटीतलं सगळंच त्यांना "एमएसईबीचं" वाटतं आणि मग ती पेटी पंधरा पंधरा वर्षं कुणी उघडून बघतच नाही.

नियम काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत, आधी २०१० चे होते आणि आता २०२३ चे लागू आहेत. त्यातली मुद्द्याची गोष्ट अशी की सप्लाय जिथं सुरू होतो त्याच्या नंतर, होईल तितकं जवळ, एक लिंक्ड स्विच फ्यूजसकट किंवा सर्किट ब्रेकर पाहिजे, हात सहज पोचेल असा, आणि पूर्ण घराचा सप्लाय तोडू शकेल असा. आणि तो आतल्या एकेका सर्किटच्या खटक्यांच्या व्यतिरिक्त पाहिजे. म्हणजे "आमच्याकडं प्रत्येक रूमला एमसीबी (जास्त करंट झाला की स्वतः पडणारा खटका) आहे, मेन कशाला" हे चालत नाही. सप्लाय सुरू होतो कुठं, तर ग्राहकानं बसवलेल्या स्विचगिअरच्या इनकमिंग टर्मिनलला, म्हणजे तुमच्या मेनमध्ये मीटरकडची वायर घुसते त्या स्क्रूला. त्या स्क्रूपासून जबाबदारी तुमची.

या नियमातले तीन शब्द नीट धरून ठेवा. लिंक्ड, जवळ, आणि हात पोचेल असा. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

लिंक्ड म्हणजे एकाच दांडीनं फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही एकदम तुटायला पाहिजेत. दुकानात मागताना डबल पोल म्हणून मागा, नुसतं डीपी म्हणाल तर पोऱ्याला कळेल पण घरच्यांना रस्त्यावरची डीपी वाटेल. थ्री फेज असेल तर टीपीएन किंवा फोर पोल, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा. सिंगल पोल एमसीबी मेन म्हणून लावलेला मी आजही बघतो, विशेषतः जिथं "तात्पुरतं" म्हणून काम झालेलं असतं, आणि आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे किमान दहा वर्षं.

सिंगल पोलनं काय होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. इंदिरानगरच्या बाजूला एक बंगला, वादळात बाहेरची लाईन तुटली, कुणीतरी येऊन जोडली आणि जोडताना फेज न्यूट्रल उलटं झालं. घरात सगळं चालू, पंखे फिरतायत, टीव्ही चालतोय, कुणाला काय कळणार. दोन दिवसांनी गिझरचं काम म्हणून मालकानं मेन पाडला, सगळे दिवे गेले, म्हणजे बंद झालं ना, असंच कुणालाही वाटेल. पण त्या सिंगल पोल खटक्यानं तुटला होता न्यूट्रल, आणि फेज थेट गिझरच्या टर्मिनलपर्यंत जिवंत. मी टेस्टर लावल्याशिवाय हात घालत नाही म्हणून हे लिहायला बसलोय. डबल पोल असता तर वायर कितीही उलट्या असोत, दोन्ही तुटल्या असत्या.

याचाच जुळा नियम म्हणजे न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा खटका कधीच टाकायचा नाही. न्यूट्रल तोडायचा तर फेजच्या बरोबरच, एका दांडीनं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ते काळे लोखंडी आयसीडीपी मेन अजून आहेत, वर दांडी, आत दोन पांढरे किटकॅट म्हणजे चिनी मातीचे फ्यूज. त्यातला एक किटकॅट न्यूट्रलला असतो. तो न्यूट्रलचा फ्यूज उडाला की लाईट जाते, माणूस म्हणतो करंट नाहीये, आणि सगळ्या घरात फेज उभा असतो. तुमच्याकडं असा मेन असेल तर दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या. भंगारात लोखंडाचे चार पैसे येतील वर.

आता एमसीबी का आयसोलेटर. दिसायला सारखेच, म्हणून गल्लत होते. आयसोलेटर हा नुसता खटका. त्यावर ४० किंवा ६३ लिहिलेलं असतं तेवढा करंट तो सोसतो, पण ओव्हरलोड झालं, शॉर्ट झालं, तो स्वतःहून पडणार नाही, तुम्ही पाडाल तेव्हाच पडेल. एमसीबी स्वतः पडतो. त्यामुळं फ्लॅटच्या डीबीत इनकमर (पहिला, मुख्य खटका) म्हणून आयसोलेटर चालतो, पण कधी, तर खाली मीटररूममध्ये त्याच्या आधी योग्य एमसीबी असेल तेव्हा. खाली पण आयसोलेटर, वर पण आयसोलेटर, मधे तीन मजले केबल, असं असेल तर त्या केबलला राखणारं कुणीच नाही. खाली जाऊन बघा एकदा. खटक्यावर बी किंवा सी आणि पुढं आकडा असेल, सी ३२ वगैरे, तर एमसीबी. अक्षर नसेल, नुसता स्विचचा सिम्बॉल असेल तर आयसोलेटर.

बी आणि सी म्हणजे काय, तर शॉर्टसारखा मोठा करंट आल्यावर तो झटक्यात कुठं पडेल ते. बी असेल तर रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १० पट. मोटर, एसी सुरू होताना क्षणभर जास्त ओढतात म्हणून तिकडं सी लावतात. पण हळूहळू वाढणाऱ्या लोडला दोघंही सारखेच, आणि ही गोष्ट फार कमी जणांना माहितीये, की ३२ चा एमसीबी ३३ ला पडत नाही. स्टँडर्डप्रमाणं रेटिंगच्या १.१३ पटीवर तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीवर तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर आरामात सोडतो, ४६ ला कुठं तासाच्या आत पडतो. म्हणून वायर त्या हिशोबानं पाहिजे. एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा लावून घेणारे महाभाग असतात, त्यांना सांगतो, एमसीबी वायरसाठी असतो, तुमच्या एसीसाठी नाही. मोठा लावला की एमसीबी पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते, आणि ती तापलेली कुणालाच दिसत नाही.

साईझचा हिशोब सोपा आहे. बिल काढा, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. समजा ५ किलोवॉट, सिंगल फेज. ५००० भागिले २३० म्हणजे साधारण २२ अँपिअर. मेन २५ किंवा ३२ चा, आणि मीटरपासून वरपर्यंतची केबल त्या मेनपेक्षा जास्त करंट सोसणारी. केबलचा आकडा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बघायचा, तोही पाईपमधून जाताना आणि उन्हाळ्यात ४० डिग्रीला किती ते, कारण एकच वायर मोकळ्या हवेत वेगळा करंट घेते आणि पाईपात चार वायरींबरोबर कोंबली की वेगळा. आणि मंजूर भार ५ असून घरात तीन एसी, दोन गिझर, इंडक्शन असं जमलं असेल तर आधी लोड वाढवायचा अर्ज करा. मेन बदलून तो प्रश्न सुटत नाही.

आता जवळ आणि हात पोचेल असा. मेन मीटरच्या जितका जवळ तितकं बरं, कारण मीटर ते मेन एवढा वायरचा तुकडा तुमच्या कुठल्याच खटक्यानं बंद होत नाही. तो तुकडा दहा मीटर असेल तर दहा मीटर वायर कायम जिवंत, त्यावर कुणी खिळा ठोकला तर कंपनीचा फ्यूज उडेपर्यंत आतषबाजी. फ्लॅटमध्ये मीटर खाली पार्किंगला असतं, म्हणून एक मेन खाली मीटरशेजारी आणि एक वर डीबीत, असे दोन लागतातच. बिल्डरनं खालचा दिला नसेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय रंगकामाच्या आधी घ्या.

हात पोचेल असा म्हणजे खुर्ची न घेता, काही न सरकवता, कुलपाची चावी न शोधता. मीटररूमला कुलूप लावतात लोक, चोरी होते म्हणून, समजू शकतो, पण मग चावी वॉचमनकडं चोवीस तास पाहिजे, सेक्रेटरीच्या गाडीच्या किचेनला नको. पॅनलसमोर एक मीटर मोकळी जागा पाहिजे, हाही नियमच आहे, आपल्याकडं त्या एका मीटरमध्ये जुनी सायकल, गणपतीच्या मखराचं थर्मोकोल आणि रंगाचे रिकामे डबे असतात. थर्मोकोल आणि ठिणगी, विचार करा. घरातला डीबी गॅसच्या सिलिंडरवर नको, बेसिनवर नको, बाथरूममध्ये तर अजिबात नको. आणि उंच नको. बुटक्या आजीला हात वर करून खटका पाडता आला पाहिजे, माझं माप ते आहे.

नाशिकमध्ये अजून एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पाणी. गोदावरीला पूर आला की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे आपण सगळेच विचारतो, ऑगस्ट २०१९ ला तर मारुती बुडालाच होता. सराफ बाजार, नदीकाठचा पंचवटीचा भाग, तिथं ज्यांचं घर-दुकान आहे त्यांनी मीटर आणि मेन त्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. मीटर हलवायचा अर्ज महावितरणला करायचा, मेन तुमच्या कॉन्ट्रॅक्टरनं. नदीपासून लांब असाल पण मीटररूम बेसमेंटला असेल तरी हेच, एका जोरदार पावसात पंप बंद पडला की झालं. आणि पाण्यात उभं राहून मेन पाडायला जायचं नाही, कधीच नाही. पाणी मीटरपर्यंत चढलं असेल तर १९१२ ला फोन लावा, ट्रान्सफॉर्मरवरून बंद करायला सांगा, आणि लांब थांबा.

आता खरी परीक्षा. रविवारी सकाळी करा, उजेडात, घरातले सगळे असताना.

आधी फ्रिज, एसी, कॉम्प्युटर, मोटर हे एकेक करून बंद करा. लोडसकट मेन पाडला तर काही लगेच स्फोट होत नाही, पण प्रत्येक वेळी आत बारीक ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट खराब होतात. मग डीबीतले छोटे खटके पाडा, शेवटी मेन. आता घरभर फिरा. प्रत्येक स्विच चालू करून बघा, काही लागतंय का. माझा अनुभव सांगतो, पाचातल्या एखाद्या घरात काहीतरी चालूच राहतं. कधी गच्चीवरचा दिवा शेजारच्या मीटरवरून असतो, कधी पार्किंगमधला गाडी चार्ज करायचा पॉइंट थेट मीटरच्या खालून घेतलेला असतो. आणि बहुतेक वेळा इन्व्हर्टर.

इन्व्हर्टर म्हणजे या सगळ्या भानगडीतला छुपा रुस्तम. तुम्ही मेन पाडलात की त्याला वाटतं लाईट गेली, तो लगेच बॅटरीवर २३० व्होल्ट तयार करून हॉलच्या दिव्यांना, पंख्यांना पाठवतो. म्हणजे मेन पाडल्यावर अर्धं घर जिवंत, आणि तेही इन्व्हर्टर त्याचं काम चोख करतोय म्हणूनच. पंखा बदलायला स्टूलवर चढलेला माणूस मेन पाडून निर्धास्त असतो. म्हणून इन्व्हर्टरच्या आऊटपुटला वेगळा डबल पोल एमसीबी घ्या, डीबीच्या शेजारीच, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, "मेन पाडला तरी हे चालू". इन्व्हर्टरचं बटण दाबून बंद करतो म्हणणाऱ्यांनी हे बघावं की बटण पोटमाळ्यावर आहे आणि आग खाली लागलीये.

सोलर. गच्चीवरच्या सोलरची सूर्यघर योजना २०२४ ला आल्यापासून आपल्याकडं गच्च्यांवर पॅनल दिसायला लागलेत, चांगलं आहे. साधा ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला इन्व्हर्टर मेन पाडला की स्वतः बंद होतो, तसा तो व्हायलाच पाहिजे, नाहीतर पोलवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. पण पॅनल ते इन्व्हर्टर ही डीसी वायर ऊन आहे तोवर जिवंत. तिला मेनशी काही देणंघेणं नाही. पॅनलला "बंद हो" म्हणता येत नाही, त्यावर चादर टाकावी लागेल. म्हणून डीसीचा आयसोलेटर कुठंय ते इन्स्टॉलरकडून दाखवून घ्या, आणि तो डीसीचाच आहे ना हे बघा, कारण एसीचा (इथं एसी म्हणजे घरात येते ती वीज, थंड करणारा एसी नाही) खटका डीसीला लावला तर ठिणगी विझत नाही, खटकाच जळतो. एसी बाजूचा आयसोलेटर कुलूप लावता येईल असा आणि वीज कंपनीच्या माणसाचा हात पोचेल असा असावा लागतो. बॅटरीवाला हायब्रिड असेल तर त्याला वरचा इन्व्हर्टरचाच नियम.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर, दुसरा कुठलाही जुगाड नाही. एक बाजू पूर्ण तुटल्याशिवाय दुसरी लागणार नाही असा, न्यूट्रलसकट बदलणारा. लग्नाच्या मांडवाला दोन्हीकडं पिना असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणारे मी बघितलेत. ती उघडी पिन हातात असताना कुणी जनरेटरला दोरी मारली तर पिन धरणारा सांगायला राहणार नाही, आणि मेन पाडलेला नसेल तर तोच करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधून चढून ११ केव्हीच्या तारांवर जातो.

परत परीक्षेकडं. काही लागत नाही म्हणजे मेलं असं नाही, इंदिरानगरची गोष्ट आठवा. दहावीस रुपयांच्या निऑन टेस्टरवर विश्वास ठेवू नका, चप्पल जाड असली की तो अंधुक लागतो, कधी लागतच नाही. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि त्याच्याकडून तीनदा मोजून घ्या. आधी चालू पॉइंटवर, म्हणजे मल्टिमीटर स्वतः चालतंय हे कळतं. मग मेन पाडून फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ (अर्थिंगची वायर), न्यूट्रल ते अर्थ. मग परत चालू पॉइंटवर. जो वायरमन पहिलं आणि शेवटचं माप घेतो तो शिकलेला आहे समजा, त्याचा नंबर सेव्ह करा.

आणि हे डोक्यात घट्ट बसवा, मेन पाडल्यावरही मेनच्या वरचे स्क्रू जिवंत असतात. डीबीचं झाकण काढलं की आत इनकमरच्या आधीचं टोक कायम चालू, ते फक्त खालचा, मीटरशेजारचा मेन पाडल्यावर मरतं. म्हणून डीबीत काम करायचं तर वरचा पाडून भागत नाही. खालचा पाडा, त्याला जमलं तर कुलूप, नाहीतर निदान चिकटपट्टी आणि "काम चालू आहे, खटका उचलू नये" अशी चिठ्ठी. तळमजल्यावरचा शेजारी भला माणूस असतो, खटका पडलेला दिसला की उचलून देतो.

याच कारणावरून अमेरिकेतल्या वायरिंगच्या कोडमध्ये (नियमावलीत) एक गंमत आहे. तिकडं एका घराच्या सप्लायला एक मेन न लावता जास्तीत जास्त सहा खटके मिळून मेन मानायची मुभा कित्येक वर्षं होती, सहा वेळा हात मारला की बंद. सगळे सहा एकाच पेटीत. पण तसं केलं की पेटीतली मुख्य पट्टी कधीच बंद करता येत नाही, काम करणारा जिवंत पट्टीशेजारी काम करणार. २०२० च्या आवृत्तीत त्यांनी ते बदललं, दोन ते सहा मेन चालतील पण प्रत्येक वेगळ्या पेटीत किंवा वेगळ्या कप्प्यात. त्याच आवृत्तीत एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरच्या बाजूला इमर्जन्सी डिसकनेक्ट पण आला, फायरवाल्यांना आत न शिरता बंद करता यावं म्हणून. हे मला आवडतं, आपल्याकडंही बंगल्याचा मेन बाहेर कंपाउंडकडं पावसापासून झाकलेल्या पेटीत घ्यायला काही हरकत नसते.

पण तिकडचे व्हिडिओ बघून एक गोष्ट अजिबात उचलू नका. त्यांच्या मेन पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका पट्टीवर जोडलेले दिसतात, तिथला नियमच तसा आहे. आपल्याकडं न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरवर अर्थ केलेला असतो, घरात तो अर्थला जोडायचा नाही. सातपूरच्या एका गाळ्यात पोरानं व्हिडिओ बघून जोडला होता, आरसीसीबी (करंट अर्थला गळला की पडते ती) टिकेना म्हणून मला बोलावलं. आरसीसीबीचं बरोबरच होतं, गेलेला करंट न्यूट्रलनं परत न येता अर्थनं पळत होता. त्यानं वैतागून आरसीसीबी बायपास केली असती आणि बाहेर न्यूट्रल तुटला असता, तर प्रत्येक मशीनची बॉडी जिवंत झाली असती.

आरसीसीबी निघालीच आहे तर एवढंच, ३० मिलिअँपिअरची घ्या, ती माणसासाठी असते. तिच्याबरोबर एमसीबी पाहिजेच, ती ओव्हरलोडला पडत नाही. टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडली पाहिजे.

थ्री फेजवाल्यांनी मेनचा न्यूट्रल दर वर्षी टाईट करून घ्या, पावसाळ्याआधी. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजवरचे लोड एकमेकांत सिरीजमध्ये येतात, कुठं १२० व्होल्ट तर कुठं साडेतीनशेच्या वर, आणि टीव्ही, फ्रिज, सेट टॉप बॉक्स एका मिनिटात धूर. फोर पोल स्विचमध्ये न्यूट्रलचा कॉन्टॅक्ट फेजच्या आधी तुटता कामा नये आणि जोडताना फेजच्या नंतर लागता कामा नये, चांगल्या कंपनीचा माल असेल तर हे आतच सांभाळलेलं असतं, चार सुटे खटके पट्टीनं जोडून बनवलेला "फोर पोल" घेऊ नका. तपासणीला पेटी उघडली की काळा पडलेला स्क्रू, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमची केबल लगशिवाय (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) नुसती पिळून घातलेली, हे बघायला सांगा. आणि पाली. हसू नका, पेटीची केबल घुसायची भोकं उघडी असली की पाल ऊबेला आत येते आणि दोन फेजमध्ये आडवी होते. मी मोजायचं सोडून दिलंय.

सोसायटीवाल्यांना एकच जास्तीचं. बिल्डिंगचा मेन पाडल्यावर फायर पंप आणि फायर लिफ्ट बंद पडता कामा नये, त्यांचा फीडर (सप्लायची केबल) वेगळा, मेनच्या आधीपासून घेतलेला पाहिजे आणि त्याच्या खटक्यावर लाल अक्षरात "आगीत हा पाडू नये" लिहिलेलं पाहिजे. फायरवाले आल्यावर पहिलं काम मेन पाडायचं करतात, आणि त्याच क्षणी पाणी थांबलं तर काय उपयोग.

लेबलं आजच लावा. कॉम्प्युटर प्रिंट नको, मार्करनं मराठीत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं. "किचन सॉकेट", "मागचा बेडरूम एसी", आणि मेनवर नुसतं "मेन" नाही, बाण काढून "आधी हा". खालच्या मीटरपेटीत फ्लॅट नंबर. मागच्या पावसाळ्यात एका बिल्डिंगमध्ये ३०२ चा म्हणून मी ४०२ चा पाडला, वरती काकूंचं वॉशिंग मशीन बंद पडलं एवढ्यावर निभावलं, पण ३०२ मधला माझा पोरगा तोवर हातात वायर घेऊन उभा होता.

परत चालू करताना उलट क्रम. आधी खालचा मेन, मग वरचा, मग एकेक खटका, प्रत्येकामध्ये दोन-तीन सेकंद. एखादा उचलला की लगेच पडला तर दुसऱ्यांदा उचलू नका, तो खाली तसाच ठेवून बाकीचं घर चालू करा आणि वायरमनला फोन लावा, त्याला सांगताना "लाईट गेली" नको, "मेन उभा आहे, तीन नंबरचा पडतोय" असं सांगा, मी तर अशा फोनला जेवण अर्धवट टाकून निघतो.